पासंग

गुरुवारी नऊला तक्ता द्यायचा आहे.
आत्ता मंगळवारची रात्र, पावणेदोन.
कालव्यातून एक मालबोट चालली आहे,
तिची धडधड माझ्या कॉफीत वर्तुळं काढते.

एकोणीस वर्षं झाली मला इथे.
भट्टीतल्या नळ्यांचा रंग बघून तापमान सांगते:
पिकल्या जर्दाळूचा असेल तर ठीक,
लिंबाकडे झुकला की धावायचं.
मरिनुस डीलमननं शिकवलं हे,
झरोक्याला डोळा लावून,
एकही आकडा न उच्चारता.

वायू आत, वाफ आत. बाहेर अमोनिया,
म्हणजे खत, म्हणजे कुणाची तरी भाकरी.
आणि टनामागे जवळपास दोन टन ते दुसरं,
ज्याला रंग नाही, वास नाही,
वजन तेवढं आहे.

पहिल्या रकान्यात लिहिलंय: पकडा, गोठण्याइतकं थंड करा,
जहाजात भरा, उत्तरेच्या समुद्राखाली खडकात ठेवा.
किंमत बसते. मुदत बसते.
पण समुद्राकडे ठेव ठेवायची म्हटलं की
आमच्या झीलंडची माणसं जरा गप्प होतात.

दुसऱ्यात वारा.
वारा तर इतका की उभी केलेली सायकल परत उभी सापडत नाही.
पाणी फोडायचं त्या विजेनं, भट्टीच नको.
फक्त तार नाही.
तारेच्या रांगेत आमचा क्रमांक एकशे बेचाळीस,
आणि जानेवारीत असे आठवडे येतात
की सगळ्या पवनचक्क्या विचारात पडल्यासारख्या उभ्या.

तिसरा रकाना मी पेन्सिलनं भरला.
ऊन असलेल्या देशातून तयार अमोनिया आणा,
इथली भट्टी विझवा.
आपली वही कोरी होते.
मरिनुसचा मुलगा वाउटर दुसऱ्या पाळीला असतो.
त्याचं नाव कुठल्या रकान्यात येत नाही.

काल इझाक ओसेवायरचा फोन होता.
त्याच्या काचघरातले टोमॅटो आमचाच धूर पितात,
नळीतून, मीटर लावून.
"तुम्ही सोवळे झालात तर माझ्या झाडांनी श्वास कशाचा घ्यायचा?"
मी हसले.
फोन ठेवल्यावर हसू आलं नाही.
त्याच्या टोमॅटोत गेलेलं ते आठवड्याभरात
कुणाच्या तरी नाकातून बाहेर पडतं,
आणि आम्ही दोघंही ते आपापल्या खात्यात
"वाचवलं" म्हणून लिहितो.

मरिनुसची बायको याकोमीना बाजारात शिंपले विकायची.
तिचा तराजू रिकामा असतानाच एकीकडे कलायचा,
म्हणून वरच्या पारड्याखाली तिनं डांबरानं
एक जुनं नाणं चिकटवलं होतं.
मी लहानपणी विचारलं, ही फसवणूक नाही?
म्हणाली, फसवणूक तराजूची होती, पोरी.
मी ती दुरुस्त केली.

चौथा रकाना: काहीही न करणे.
परवान्यांचे पैसे सोडले तर खर्च शून्य.
अकरा वर्षं हा शून्य आम्ही
या तक्त्यातून त्या तक्त्यात उचलून ठेवतोय,
जपून, भरलेल्या भांड्यासारखा.
आत काय आहे ते कुणी बघितलं नाही.

आईच्या गावी चर्चच्या भिंतीत एक पितळी पट्टी आहे.
त्रेपन्नच्या फेब्रुवारीत पाणी तिथवर आलं.
माझ्या खांद्याच्या वर चार बोटं.
धरणं त्यानंतर बांधली, पैसेही त्यानंतर सापडले.

मी शून्य खोडला.
तिथे काय लिहायचं ते अजून कळलेलं नाही.
"हा आकडा आणला कुठून?" असं कुणीतरी विचारेलच,
आणि चार बोटं वर, हे उत्तर
कुठल्याही समितीला चालत नाही.

अडीचला फोन वाजतो. मरिनुस.
निवृत्त होऊन सात वर्षं झाली, झोप अजून पाळीचीच.
"रंग कसा आहे?"
मी उठून झरोक्यापाशी जाते,
खरंच बघते, मग सांगते.
"जर्दाळू."
"बरं," म्हणतो तो,
आणि फोन ठेवत नाही.